पाटीवरचं बोलणं

माझं लग्न झालं तेव्हा हे इंदूरच्या कॉलेजात शिकत होते आणि मी धारला देवीसागर तलावाच्या काठी सागरगोटे खेळत होते. वडील धारच्या दरबारात नोकरीला. सासरही धारचंच, चार गल्ल्या सोडून. त्यामुळे लग्न होऊन मी लांब गेले असं आमच्या घरी कुणाला वाटलंच नाही. लांब गेले ते हे.

ह्यांचं बी.ए. झालं, एम.ए. झालं, आणि ज्या कॉलेजात शिकले तिथंच इतिहासाचे प्रोफेसर म्हणून राहिले. वसतिगृहाची देखरेखही ह्यांच्याकडे आली. मुलांच्या मेळ्यात राहायचं, तिथं बिऱ्हाड कसं थाटणार, असं मामंजी म्हणाले आणि मला ते पटलं. तशात सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं माझ्याकडे आलं. मग बिऱ्हाडाचा विषय कुणी काढलाच नाही.

ह्यांचं नाव मात्र माळवाभर झालं. हे शिकवत तेव्हा दुसऱ्या वर्गांतली मुलं खिडक्यांशी उभी राहून ऐकत, असं येणारेजाणारे सांगत. ह्यांच्या हाताखालून गेलेली मुलं मोठ्या जागांवर चढली. एक जण दिवाण झाला, एक न्यायाधीश. एक विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला. एक पुण्याच्या कॉलेजात प्रोफेसर झाला. हळदीकुंकवाला बायका मला ही नावं ऐकवत, जशी काही ती माझीच मुलं. मी हसून मान हलवायची. ज्या आवाजाची एवढी कीर्ती, तो माझ्या वाट्याला आला तो "पाणी आण" आणि "आईला औषध दिलंस का" एवढाच. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची पद्धत नव्हती, आणि वडीलधारे नाहीत अशी जागा त्या घरात नव्हती. हे दिवाळीत येत, उन्हाळ्याच्या सुट्टीत येत, आणि सुट्टी सरली की दारात टांगा उभा राही.

आम्हाला एक मुलगी झाली होती. चालायला, बोलायला लागली, माझ्या पदराला धरून घरभर फिरायची. एका फाल्गुनात तिला ताप आला आणि धारच्या वैद्यांच्या हातून तो उतरला नाही. हे इंदूरहून आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात मामंजींच्या शेजारी खाली मान घालून बसले. मी माजघराच्या दारातून पाहत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं, मी एकदा पाहिलं. कॉलेजात परीक्षा होत्या, म्हणून आठवडा संपायच्या आत परत गेले. पुढं कितीतरी वर्षं तिच्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

सासूबाई गेल्या, मागोमाग मामंजी गेले. आणि त्याच पावसाळ्यात ह्यांना विषमज्वर झाला. जिवावरचं दुखणं कानांवर निभावलं. तापातून उठले ते ठार बहिरे होऊन.

बहिऱ्या प्रोफेसराला कॉलेज किती दिवस ठेवणार? मुलांनी काय विचारलं ते कळायचं नाही. एकदा म्हणे एका मुलानं प्रश्न विचारला, ह्यांनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि सगळा वर्ग गप्प बसून राहिला. त्या गप्प बसण्यावरून ह्यांनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. ह्यांचा एक जुना विद्यार्थी देवासच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं दरबारचा ग्रंथसंग्रह लावून देण्याचं काम ह्यांना मिळवून दिलं. ऐकावं लागत नाही असं काम. असे आम्ही देवासला आलो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एका घरात दोघंच.

देवास त्या वेळी दोन राज्यांचं गाव होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून रस्ता, एका बाजूला एका महाराजांची सत्ता, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांची. कचेऱ्या दोन, शाळा दोन. आमचं घर धाकट्या पातीत, टेकडीच्या पायथ्याशी होतं. आता बोलायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि बोललेलं ऐकू जायचं नाही. पहिले काही दिवस मी ओठ मोठे हलवून बोलून पाहिलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत राहत, मग ओशाळून दुसरीकडे बघत. पुढं मी तेही सोडलं. दिवसचे दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. दूधवाली आली की "आज दोन शेर दे" म्हणताना माझाच आवाज मला घोगरा वाटायचा.

मला पोथी अक्षर लावून वाचता येई, वडिलांनी तेवढं शिकवलं होतं. लिहिता मात्र येत नव्हतं. हे ओळखून ह्यांनी एक दिवस बाजारातून दगडी पाटी आणि पेन्सिल आणली आणि मला शिकवायला बसवलं. बी.ए.च्या मुलांना शिकवलेला माणूस. त्यांना 'अ' कसा शिकवायचा ते माहीत नव्हतं. मी काढलेलं अक्षर पाहून म्हणाले, "हे काय आहे?" मी काय सांगणार, आणि सांगून ऐकणार कोण? दोन दिवसांत कंटाळले. मग शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंना मी विचारलं. बाई बालविधवा, जन्म देवासचा, मराठीत हिंदी मिसळून बोलायच्या. "काकी, उसमें क्या है, दुपारी येत जाईन मी," म्हणाल्या. आणि खरंच दिवाळीपर्यंत येत राहिल्या. त्यांनी माझा हात धरून अक्षरं गिरवून घेतली.

पाटीवर ह्यांना उद्देशून मी पहिलं वाक्य लिहिलं ते "मीठ कमी आहे का". जेवता जेवता पाटी पुढं सरकवली. ह्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही, मीठ अगदी बरोबर आहे!" बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. ते उत्तर अख्ख्या गल्लीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बायका मला विचारत होत्या, "क्यों बाई, आज नमक कैसा रहा?"

आमचं बोलणं असं सुरू झालं. माझी बाजू कुणाला ऐकू जायची नाही आणि ह्यांची सगळ्यांना जायची. म्हणून मी पाटीवर बेताचंच लिही. भाजी काय आणायची, पाऊस येईलसं दिसतं, धारहून दिरांचं पत्र आलं आहे. मनात एक प्रश्न बरीच वर्षं होता. तो मात्र त्या घरात लिहिता येण्यासारखा नव्हता.

मार्गशीर्षात एकदा देवीच्या दर्शनाला आम्ही टेकडीवर गेलो. वर देवी दोन, थोरली माता आणि धाकटी माता. दोघींचं दर्शन घेऊन, ऊन कलायला लागलं होतं तेव्हा, आम्ही पलीकडच्या अंगाला एका खडकावर टेकलो. खाली शेतं पसरली होती. आसपास कुणी नव्हतं. मी पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, "कॉलेजात आपल्याला घर मिळत नव्हतं का".

ह्यांनी वाचलं. उपरण्याच्या टोकानं सावकाश पाटी पुसली, जणू ते पुसून मी दुसरं काही लिहीन. मी पेन्सिल हातात घेतली नाही.

"मिळत होतं," हे म्हणाले. "वसतिगृहाच्या मागं बंगली होती. पहिल्याच वर्षी मला विचारलं होतं. मीच नको म्हणालो."

मी पाहत राहिले. ह्यांना हळू बोलायचं होतं, पण किती हळू ते कळत नव्हतं. काही शब्द नुसते ओठांवर येत आणि काही एकदम मोठ्यानं.

"मुलांशी काय बोलायचं ते मला कळायचं. तुझ्याशी काय बोलावं ते कधी कळलं नाही. संध्याकाळी घरी यायचं आणि आपण दोघांनीच समोरासमोर बसायचं, ह्याची मला धास्ती वाटायची. पुढं आईचं दुखणं आलं. मग कुणी विचारायचंही राहिलं."

मुलीला ताप आला तेव्हा इंदूरला मोठा दवाखाना होता, डॉक्टर होते. ते मी पाटीवर लिहिलं नाही. लिहिण्याची गरज नव्हती; तेही ह्यांना ठाऊक होतंच. मी उठले आणि पायऱ्या उतरायला लागले. हे मागून येत होते. खाली येईपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी पाटीला हात लावला नाही. स्वयंपाक करी, ताट वाढी, अंथरूण घाली. रुसले होते असं नाही. रुसायलाही समोरच्याकडून काही अपेक्षा लागते. मला फक्त लिहावंसं वाटत नव्हतं. एवढी वर्षं मी धारच्या घरात एकटी होते, पण त्या एकटेपणाला कारण होतं. सासूबाईंचं दुखणं, वसतिगृह, चालत आलेली रीत. आता कळलं की कारण काहीच नव्हतं. एका माणसाला माझी भीती वाटत होती, एवढंच होतं. मास्तरीणबाई अजून अधूनमधून डोकावत आणि विचारत, "काकी, आज काय लिहिलं?" मी म्हणे, हात दुखतो.

हे ग्रंथसंग्रहातून लवकर परतू लागले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. मी चुलीपाशी, माझी पाठ त्यांच्याकडे. एकदा असेच उभे होते. बोलू की नको असं बराच वेळ चाललं असावं, कारण मी भाकरी थापून तव्यावर टाकली, उलटली, तरी ते तिथंच होते. मग म्हणाले,

"तिला आंबे फार आवडायचे."

तिचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी हातातली भाकरी खाली ठेवली. इतक्या वर्षांत ती ह्यांच्या तोंडी पहिल्यांदा आली होती, आणि तीही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

मी हात धुतले. कोनाड्यातली पाटी घेतली. लिहिलं, "आंबे नाही. बोरं".

हे ती अक्षरं बघत राहिले. बोरांच्या दिवसांत हे कधी घरी नव्हतेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी तिला आंबा खाताना पाहिलं होतं, आणि तेवढीच मुलगी त्यांच्याकडे होती. पाटी हातात घेऊन ते तिथंच उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "आणखी सांग."

मी लिहीत गेले. पाटी भरली की ते वाचत, पुसत, परत देत. ओल्या मातीत पाय घालून बसायची. दिव्याला नमस्कार करताना डोळे गच्च मिटायची. कुत्र्याला भ्यायची नाही, कोंबड्याला भ्यायची. तव्यावरची भाकरी करपली. शेवटी शेवटी माझं अक्षर नीट लागत नव्हतं, तरी त्यांनी एकदाही हे काय आहे म्हणून विचारलं नाही.

त्या दिवसानं सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. टेकडीवर ऐकलेलं ऐकलंच होतं. पण पाटी परत सुरू झाली.

पुढच्या वर्षी बॅरिस्टर आले, ह्यांचे आवडते विद्यार्थी. बरोबर कॉलेजातले एक तरुण प्रोफेसर होते. कॉलेजनं आपल्या जुन्या नामांकित अध्यापकांच्या तसबिरी सभागृहात लावायचं ठरवलं होतं, त्यांत ह्यांची होती. समारंभाला या, असं आमंत्रण घेऊन ते आले होते. बॅरिस्टरांनी ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, पुष्कळ बोलले. मी दाराआड पाटी घेऊन बसले होते आणि पाहुणे काय म्हणतात ते थोडक्यात लिहून आत सरकवत होते. एव्हाना तशी सवयच झाली होती. मग ते दोघं आपसांत बोलू लागले. सरांना भाषण करायला सांगू नये, आवाज आवरत नाही, लोक हसतील, जीव खालीवर होईल. हार घालावा आणि बसवून ठेवावं. त्यात वाईट भाव नव्हता. पण ते ह्यांच्या समोर बसून बोलत होते, ह्यांच्याकडे बघून हसत हसत, आणि हेही हसून मान हलवत होते.

ते मला पाहवेना. मी लिहिलं, "ते म्हणतात, या, पण बोलू नका. लोक हसतील". आणि पाटी आत दिली.

ह्यांनी वाचलं. पाहुण्यांनीही ती अक्षरं पाहिली. मग हे म्हणाले, "येतो. आणि बोलत नाही. खरं सांगितलंत ते बरं केलंत." बॅरिस्टर उठून उभेच राहिले. त्यांनी पुन्हा ह्यांच्या पायांना हात लावला.

"तुलाही यायचं आहे," पाहुणे गेल्यावर हे मला म्हणाले.

इंदूरचा रस्ता अफूच्या शेतांमधून जायचा. पांढरी फुलं दोन्ही अंगांना. मी आयुष्यात पहिल्यांदा ते कॉलेज पाहिलं. दगडी इमारत, उंच कमानी, पुढं कडुनिंब. बायकांसाठी सभागृहाच्या कडेला बांबूच्या कामट्यांचा, चिकाचा पडदा सोडला होता, त्यामागं मी बसले. हे पुढच्या रांगेत, गळ्यात हार. एकेक जण उठून बोलू लागला. मी ज्यांची नुसती नावं ऐकत आले होते ती सगळी माणसं तिथं होती. दिवाण, न्यायाधीश, पुण्याचे प्रोफेसर. पुण्याच्या प्रोफेसरांनी ह्यांच्या शिकवण्याची नक्कल केली. वर्गात येऊन हे पुस्तक मिटत, खिडकीशी जात आणि पाठमोरे उभे राहून लढाईचं वर्णन सुरू करत, तसं त्यांनी करून दाखवलं. आवाज खाली, मग चढत चढत वर, आणि मधेच थांबून एकदम मुलांकडे वळून विचारलेला प्रश्न. सभागृह आनंदानं हसलं, टाळ्या वाजल्या. न्यायाधीशांनी डोळे पुसले. त्या सगळ्यांच्या कानांत तो आवाज होता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते, तोही दुसऱ्याच्या तोंडून. आणि ज्यांचा आवाज, ते हलणारे ओठ बघत, लोक हसले की हसत, हार सावरत बसले होते.

समारंभ संपल्यावर माणसांनी ह्यांना घेरलं. मी एका बाजूनं बाहेर पडले आणि वसतिगृहाच्या मागं गेले. बंगली होती. लहानशी, कौलारू, पुढं ओटा आणि तुळशीवृंदावन. त्या वेळचे देखरेख करणारे प्रोफेसर तिथं कुटुंबासह राहत. त्यांची तरुण बायको ओट्यावर पापड वाळत घालत होती. मला पाहून लगबगीनं उठली, पाट मांडला, गुळपाणी दिलं. ह्यांचं नाव तिला ठाऊक होतं.

"म्हणजे तुम्ही इथंच राहिला असाल," ती म्हणाली. "बरं झालं भेटलात. हे वृंदावन कुणी बांधलं ते मला कुणीच सांगत नाही. तुम्ही बांधलंत का?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही धारला होतो."

ती बिचारी आणखी काही विचारणार होती, पण माझ्याकडे पाहून थांबली. तिनं मला सगळं घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं विहीर. स्वयंपाकघराची खिडकी वर्गांच्या बाजूला उघडत होती. मी तिथं उभी राहिले. समोरच्या वर्गात कुणी मोठ्यानं शिकवलं, तर इथं चुलीपाशी ऐकू आलं असतं.

परतताना टांग्यात हे थकले होते, पण खुशीत होते. देवासच्या रस्त्याला लागल्यावर विचारलं, "सगळे हसत होते ते कशाला?"

मी लिहिलं, "तुमच्या शिकवण्याची नक्कल केली".

"साधली का?"

टांगा हलत होता, अक्षर वाकडं आलं. "मला कसं कळणार".

हे वाचून ते पाटी मांडीवर घेऊन बसले. क्षिप्रेचा घाट येईपर्यंत ती त्यांनी पुसली नाही. घाटावर टांगेवाल्यानं घोड्याला पाणी पाजलं, "माँसाब, उतरना है क्या?" म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

त्यानंतर हे फार दिवस राहिले नाहीत. एका श्रावणात छातीत कफ दाटला आणि चार दिवसांत गेले. मोठमोठी माणसं देवासला येऊन गेली. दीर मला धारला न्यायला आले. आपलं घर आहे, इथं एकटी कशाला राहता, म्हणाले. मनापासून म्हणत होते. मी त्यांना सांगितलं की धारला मी पुष्कळ राहिले. ते निघाले तेव्हा मी थोरल्या पातीच्या नाक्यापर्यंत त्यांना पोचवायला गेले, आणि टांगा दिसेनासा झाल्यावर रस्ता ओलांडून घरी आले.